तातडीच्या दुरुस्तीचा हक्क सरकारी चाळींतील भाडेकरूंनाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत खासगी मालकाच्या चाळीत राहणाऱ्या भाडेकरूला दुरुस्तीबाबत कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते महापालिकेच्या किंवा राज्य शासनाच्या चाळीत भाडे भरून राहणाऱ्याला मिळत नाही, याकडे आपल्या पत्रामार्फत लक्ष वेधू इच्छितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा भाडेकरूला आहे. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापलीकडे जाऊ शकत नाही आणि जुन्या खोल्यांची भाडी पाहता तेवढ्यात साधे प्लास्टरही होत नाही, हे खरे. तरीही मालकापुढे उभे राहताना भाडेकरूच्या हाती कायद्याचा आधार असतो. याच अधिनियमाच्या कलम ३ ने मात्र शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागा त्यातून वगळल्या आहेत.

याचा अर्थ काय होतो, ते मी राहत असलेल्या सार्वजनिक मालकीच्या चाळीत रोज दिसते. आमच्या शेजारच्या खोलीत मोरीवरच्या स्लॅबचे पोपडे सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि पाऊस लागला की गंजाचे पाणी थेट गॅसच्या ओट्यावर ठिबकते. त्या घरातल्या आजींनी ओट्याच्या वर प्लायवूडचा तुकडा दोरीने बांधून घेतला आहे आणि त्याखाली उभ्या राहून त्या स्वयंपाक करतात. अर्ज दिला, पोच मिळाली, अभियंता येऊन हातोडीने ठोकून पाहून गेला, छायाचित्रेही काढली. त्यानंतर चौकशी केली की कधी अंदाजपत्रक मंजुरीसाठी गेलेले असते, तर कधी निविदा निघायची असते. स्वतःच्या पैशाने काम करावे म्हटले, तर मालकाच्या परवानगीशिवाय स्लॅबला हात लावल्याचा ठपका येईल आणि उद्या पुनर्विकासातल्या घरासाठी पात्रता ठरवण्याच्या वेळी तोच अंगाशी येईल, ही धास्ती. भाडे मात्र थकवून चालत नाही.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘पुनर्विकास होणारच आहे, मग आता दुरुस्तीवर खर्च कशाला?’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचेच पाहावे. १९२०च्या दशकातल्या या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले आणि वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाला. घरे मिळाली याचा आनंद आहेच. पण शासनाने स्वतः पुढाकार घेतलेल्या प्रकल्पालाही पहिल्या ताब्यापर्यंत आठ वर्षे लागली, तर ज्या चाळींचा विकासकही अजून ठरलेला नाही, तिथल्या माणसांनी किती पावसाळे टेकूंच्या भरवशावर काढायचे? मंजूर झालेला आराखडा छतातल्या सळीचा गंज थांबवत नाही.

माझगावच्या बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळी कोसळली आणि ६१ जणांचा जीव गेला. ती इमारत महापालिकेची होती, तिच्यात पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती आणि तिचे वय तीन दशकांच्या आसपास होते. म्हणजे ती काही ब्रिटिशकालीन जीर्ण चाळ नव्हती. खासगी इमारत धोकादायक असेल तर पालिका मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली मालकाला नोटीस देते. पालिकाच मालक असते तेव्हा नोटीस देणारा आणि घेणारा एकच ठरतो. अशा वेळी भाडेकरूच्या हातात काही हक्क नसेल, तर मालकाला वेळेवर जागे करणारे कोणी उरतच नाही.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, ती टळल्यास दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते आणि सबळ कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. छताचा भाग निखळणे, जिना किंवा गॅलरी खचणे, मलवाहिनी तुंबून घाण घरात शिरणे, मीटरच्या पेटीत पाणी जाणे, अशा कामांची तातडीची दुरुस्ती सर्व सार्वजनिक मालकांसाठी स्वतंत्र सेवा म्हणून अधिसूचित करावी. मुदत किती असावी, यासाठी इंग्लंडकडे पाहता येईल. रॉचडेल येथे २०२० मध्ये भाड्याच्या घरातील बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार तिथल्या परवडणाऱ्या भाड्याने घरे देणाऱ्या सामाजिक गृहसंस्थांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून जीविताला गंभीर धोका असलेल्या तक्रारीवर २४ तासांत कार्यवाही करावी लागते. आपल्याकडे २४ तासांत निदान टेकू लावून जागा सुरक्षित करणे आणि ठरलेल्या दिवसांत पक्के काम करणे, एवढे तरी अशक्य नसावे.

मुदतीत काम झाले नाही, तर मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून ते करून घेऊन पूर्ण खर्च भाड्यातून किंवा थेट परताव्याने मिळवण्याचा हक्क भाडेकरूला द्यावा आणि अशा दुरुस्तीचा त्याच्या पात्रतेवर परिणाम होणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. पुनर्विकास प्रस्तावित असल्याचे कारण देऊन तातडीची दुरुस्ती नाकारायची असेल, तर त्याच पत्रासोबत संक्रमण शिबिरातील गाळा किंवा पर्यायी जागेचे भाडे देण्याचे बंधन मालक यंत्रणेवर असावे. लोकप्रतिनिधींनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, ही विनंती.

आपला,
एक भाडेकरू, परळ, मुंबई