रुग्णवाहिकेतील वायरलेस सेटच्या सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: दोन वायरलेस सेट व स्पीकरची चुकीची जोडणी, रक्कम परत मिळणे व दुरुस्तीचा खर्च मिळणे बाबत

महोदय,

आळंदीहून माउलींची पालखी निघायच्या आठ दिवस आधी आमच्या मंडळाची रुग्णवाहिका दोन दिवस आपल्या वर्कशॉपमध्ये होती. काम ठरलेलं होतं: दोन वायरलेस सेट, त्यांचे दोन स्पीकर आणि टपावर दोन अँटेना. एक सेट माझा, हॅमचा (म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्याचा), १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. तो पुढे ड्रायव्हरशेजारी. दुसरा मंडळाच्या परवान्यावरचा. तो मागे डॉक्टरांच्या हाताशी, स्वयंसेवकांच्या वॉकीटॉकीशी बोलायला. सामान आणि मजुरी धरून १४,८०० रुपये आगाऊ भरले. पावती सोबत जोडली आहे.

दोन सेट कशासाठी, हे मी आपल्या फिटरना गाडीत बसून समजावलं होतं. वारीत एवढी माणसं एका रस्त्यावर येतात की मोबाइल लागत नाही. तेव्हा एक सेट गेला तरी दुसरा चालू राहायला हवा. म्हणून दोघांच्या तारा थेट बॅटरीपासून वेगळ्या, फ्यूज वेगळे आणि स्पीकर वेगळे, असं चित्र काढून दिलं. त्या कागदावर फिटरची सही आहे. त्याचीही प्रत जोडतो.

दिवे घाटात काय झालं ते सांगतो. वडकी नाला सोडून आम्ही अर्धा घाट चढलो होतो. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, रस्ता गच्च. एक आजी चक्कर येऊन पडल्या, त्यांना आत घेतलं. श्वास लागला होता आणि आमचा ऑक्सिजनचा सिलेंडर संपत आला होता. डॉक्टरांनी मागच्या सेटवर वर झेंडेवाडीच्या पथकाकडे दुसरा सिलेंडर मागायला बटण दाबलं. त्याच क्षणी मी पुढून सासवडला रस्ता मोकळा करायला सांगत होतो. दोन्ही सेट एकदम काळे पडले. फ्यूज बदलला, पुन्हा दोघे बोलायला गेलो, तोही उडाला. तिसरा फ्यूज जवळ नव्हता. शेवटी एका पोराला गर्दीतून पळत झेंडेवाडीला पाठवलं. सिलेंडर वेळेत आला, आजी वाचल्या. पण ती वीस-पंचवीस मिनिटं डॉक्टर त्यांचा हात धरून बसले होते, ते मी विसरू शकत नाही.

सासवडला मुक्कामी पोचल्यावर मी बॉनेट उघडलं. बॅटरीपासून एकच लाल तार निघते, डॅशबोर्डखाली १५ ॲम्पिअरच्या एकाच फ्यूजमधून जाते आणि तिथून दोन सेटना फुटते. ५० वॅटचा एक सेट बोलताना १० ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. दोघे एकदम बोलले की हा फ्यूज उडणारच. त्यात बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतच्या तारेला फ्यूजच नाही, आणि ती पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी) न घालता ओढली आहे. कडेला घासून तिचं आवरण नखाएवढं सोललं होतं, आतलं तांबं चमकत होतं. ऑक्सिजनच्या गाडीत तिथे ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, हे आपणच सांगा.

मागच्या सेटचं निगेटिव्ह रंग न खरवडता बॉडीला स्क्रूने कसलेलं आहे. त्यामुळे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पण बोलताना त्या सेटपाशी ११.४च. सेटच्या पुस्तकात ११.७ च्या खाली चालवू नये असं छापलं आहे.

स्पीकरचं तर वाईट वाटलं. दोन्ही सेटच्या स्पीकरच्या तारा एकत्र पिळून एकाच स्पीकरला जोडल्या, वर टेप गुंडाळली. दुसरा स्पीकर डब्यातच परत मिळाला, बिलात मात्र दोन आहेत. माझ्या सेटच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की स्पीकरची कोणतीही तार अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, लावायची नाही. ती दुसऱ्या सेटमार्फत अर्थिंगला गेली आणि माझ्या सेटचा आवाजाचा आयसी (चिप) जळला. आता समोरचा बोलला की सिग्नलच्या हिरव्या पट्ट्या चढतात, आवाज मात्र येत नाही. दुरुस्तीवाल्याने तसं लेखी दिलं आहे.

अँटेनाही फुटभर अंतरावर शेजारी-शेजारी आहेत. एक सेट बोलला की दुसऱ्याला दूरचं काही ऐकू येत नाही.

आपल्या काउंटरवर फोन केला तर “सेट जुना असेल” असं उत्तर मिळालं. सेट जुना आहे, पण गाडी आपल्याकडे येईपर्यंत तो नीट बोलत होता.

मजुरीचे आणि सामानाचे १४,८०० रुपये पूर्ण परत करावेत, सेटच्या दुरुस्तीचे ३,२०० रुपये द्यावेत, आणि हे काम कोणी केलं व कोणी तपासलं ते लेखी कळवावं. फेरजोडणी आम्ही दुसरीकडे करून घेणार आहोत. आपली तार मी बॅटरीवरून काढून ठेवली आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करू. उत्तर फोनवर नको, कागदावर द्यावं.

आपला,
मंडळाच्या वतीने, एक परवानाधारक हॅम

सोबत: पावती, फिटरच्या सहीचं चित्र, दुरुस्तीवाल्याचा लेखी अभिप्राय, सोललेल्या तारेचे फोटो