फुटबॉलपटूचा पगार कोणत्या मंत्र्याकडे मागायचा?

मा. डॉ. मनसुख मांडविया,
केंद्रीय कामगार व रोजगार मंत्री आणि युवक व्यवहार व क्रीडा मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे कामगार आणि क्रीडा ही दोन्ही खाती एकत्र आली आहेत, याकडे फुटबॉलच्या गदारोळात कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. इंडियन सुपर लीग ही देशातली अव्वल फुटबॉल स्पर्धा बंद पडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी क्रीडामंत्र्यांचे दार ठोठावले. ६ जानेवारी २०२६ रोजी आपण जाहीर केलेत, की १४ फेब्रुवारीपासून सर्व १४ क्लबांसह लीग सुरू होईल. त्याबद्दल आभार, अगदी मनापासून. पण हे पत्र आपल्यातल्या कामगारमंत्र्यांना आहे. मैदानाबाहेर जे घडले ते मालक आणि नोकर यांच्यातले प्रकरण होते, आणि ते तसेच्या तसे पडून आहे.

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी आपले व्यावसायिक हक्क एका कंपनीला ७०० कोटींना दिले. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होते. तरीही पुढचे काही ठरले नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम थांबवून ठेवला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. चेन्नईयिननेही तेच केले. ओडिशा एफसीने तर करारच स्थगित केले. गंमत पाहा, त्याच ऑगस्टमध्ये संसदेत आपले राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर होत होते. एकीकडे खेळाडूंच्या हक्कांवर भाषणे, दुसरीकडे सुनील छेत्रीसारख्या कर्णधाराच्या क्लबात पगार बंद.

एका कारखानदाराने उद्या गेटवर नोटीस लावली, की पुढील सूचनेपर्यंत कुणालाही पगार मिळणार नाही, तर काय होईल? मुंबईकराला हे शिकवावे लागत नाही. युनियन उभी राहील, कामगार आयुक्त बोलावतील. कायद्याच्या कक्षेतला कारखाना असेल तर ले-ऑफच्या, म्हणजे काम तात्पुरते बंद ठेवण्याच्या, काळातही निम्मे वेतन द्यावे लागेल. फुटबॉल क्लबाने हेच केले तेव्हा मात्र ती बातमी क्रीडा पानावर, निकालांच्या शेजारी छापून आली.

मालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवून कुणी श्रीमंत झालेला नाही. प्रक्षेपणाचे पैसे नाहीत, सामने कधी होणार माहीत नाही, आणि दरमहा पगाराचा आकडा मात्र ठरलेला. मुंबई सिटीत २०१९ मध्ये मोठा हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याच्याकडे मँचेस्टर सिटी आहे, तोही डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. महासंघाने ऑक्टोबरमध्ये काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नव्हती. तेव्हा तोटा खरा आहे. प्रश्न एवढाच, की तो आधी कुणाच्या खिशातून वळता होतो. महासंघ आणि कंपनी यांच्यातली बोलणी फिसकटली, त्यात खेळाडूची सही कुठेच नव्हती. पगार मात्र त्याचा थांबला. लीग पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर वेतनकपातीचे प्रस्तावही त्याच्याचपुढे आले. ‘थोडे कमी घे, नाहीतर लीगच होणार नाही’ असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या होकाराला संमती म्हणणे मला तरी जड जाते.

कुणी म्हणेल, खेळाडू तर फिफाकडे जाऊ शकतात. नियम आहे खरा. दोन महिन्यांचा पगार थकला आणि १५ दिवसांची नोटीस देऊनही मिळाला नाही, तर खेळाडू करार मोडून जाऊ शकतो. पण जायचे कुठे? लीगच थांबलेली असताना दुसरा क्लब घेणार कसा? परदेशी खेळाडूला बाहेरची बाजारपेठ असते आणि त्याची तक्रार फिफाच्या लवादापुढे जाते. भारतीय खेळाडू विरुद्ध भारतीय क्लब हा वाद मात्र महासंघाच्याच समितीकडे येतो. हैदराबाद एफसीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०२१-२२ चा विजेता संघ, दोन वर्षांत पगार थकले, बहुतेक परदेशी खेळाडू निघून गेले आणि उरलेला हंगाम बहुतांशी तरुण भारतीय पोरांनी रेटला. हरत हरत, पण मैदानात उतरून. त्यांच्याविषयी कुठे दोन ओळी आल्या असतील तर मला तरी आढळल्या नाहीत.

एके काळी आपल्याकडे वेगळी व्यवस्था होती. मुंबईचा फुटबॉलपटू एअर इंडियात, ओएनजीसीत, रेल्वेत, बँकेत नोकरीला असे. खेळ संपला की टेबल होते, भविष्यनिर्वाह निधी होता. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेतून, बाहेर काढले गेले, कारण ते आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब परवान्याच्या व्यावसायिक निकषांत बसत नव्हते. व्यावसायिक क्लबांचे काय झाले? महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता, पुणे एफसी २०१५ मध्ये गेला, भारत एफसी एका हंगामात संपला. २०१६ मध्ये गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी आय-लीग सोडली, धेंपोही मागे हटला. व्यावसायिकतेच्या नावाखाली नोकरीची हमी गेली आणि तिच्या जागी ठेवले काय, तर करारपत्र, जे क्लब हवे तेव्हा ‘स्थगित’ करू शकतो.

आता कायद्याकडे येतो, कारण काम तिथेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपण चार कामगार संहिता लागू केल्यात. औद्योगिक संबंध संहितेतली कामगाराची व्याख्या अंगमेहनतीची, कुशल, तांत्रिक, कारकुनी कामे मोजते. फुटबॉलपटू त्यात बसतो का? दोन वकील तीन उत्तरे देतील. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले होते. उद्या एखादा क्लब तोच निकाल खेळाडूविरुद्ध वापरायला कमी करणार नाही. पण याच व्याख्येत श्रमिक पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा नाव घेऊन समावेश आहे. का? तर त्यांच्याबाबत असाच संशय होता म्हणून. पत्रकारांसाठी १९५५ मध्ये आणि विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये संसदेने वेगळे कायदे केले आणि संशय मिटवला. व्यावसायिक खेळाडूसाठी तेच करायला अडचण काय? इटलीने १९८१ मध्ये आणि स्पेनने १९८५ मध्ये ते करून टाकले. स्पेनमध्ये २०११ साली दोनशेहून अधिक खेळाडूंचे सुमारे पाच कोटी युरो थकले, तेव्हा ज्यांचा एक पैसाही थकला नव्हता असे बडे खेळाडूही संपात उतरले आणि लीगची पहिली फेरी पुढे ढकलावी लागली. तिथे असा संप कायदेशीर ठरतो. इथे खेळाडूंनी जानेवारीत काय केले? हात जोडून व्हिडिओ काढला आणि फिफाला साकडे घातले.

नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. वेतन संहितेतली ‘कर्मचारी’ ही व्याख्या जास्त रुंद आहे आणि तिच्यातल्या वेळेवर वेतनाच्या तरतुदीला जुन्या कायद्यासारखी २४ हजारांची मर्यादा उरलेली नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत झाला पाहिजे, हे तिथे लिहिलेले आहे. क्लबाशी करार केलेला खेळाडू या व्याख्येत येतो, एवढे एक परिपत्रक आपल्या मंत्रालयाने काढावे. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आपणच अभिमानाने सांगता. दोन-तीन वर्षांच्या करारावर खेळणाऱ्या पोरापेक्षा ठरावीक मुदतीचा कर्मचारी आणखी कोण असतो?

क्रीडामंत्री म्हणूनही एक काम आहे. क्लबाला परवाना देताना निदान तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम एस्क्रो खात्यात (त्रयस्थाकडे राखून ठेवलेल्या खात्यात) किंवा बँक हमीत ठेवायला लावा. आणि नव्या क्रीडा न्यायाधिकरणाकडे पगाराचे वाद नेता येतील की नाही, हे स्पष्ट करा. महासंघानेच क्लब आणि खेळाडू यांच्यात न्यायनिवाडा करावा, हे कोणत्याही धंद्यात शोभत नाही. २००६ पासून खेळाडूंची संघटना आहे, बायचुंग भुतियासारख्यांनी ती उभी केली. कपातीची बोलणी झाली तर ती तिच्याशी व्हावीत, एकेका पोराला ऑफिसात बोलावून नव्हेत.

कोट्यवधी घेणारे खेळाडू माझ्या डोळ्यांपुढे नाहीत. त्यांच्याकडे एजंट आहेत, वकील आहेत. माझ्या डोळ्यांपुढे सुपर लीगच्या खालच्या लीगमधला चोवीस वर्षांचा बचावपटू आहे, ज्याचा गुडघा तिशीनंतर किती साथ देईल याची खात्री नाही. कोल्हापुरात पेठांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, तिथून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत आणि पुढे सुपर लीगपर्यंत पोहोचला. त्याच्यामागे येऊ पाहणाऱ्या मुलांचे बाप आता विचारतात, पगार तरी वेळेवर होतो का? त्यांना काय सांगायचे?

या हंगामात दुहेरी फेरी नाही, १४ क्लबांचे ९१ सामने झाले की साखळी संपली. अनेकांचे करार ३१ मेला संपतात आणि त्यानंतर नव्या करारांची घाई सुरू होईल. परिपत्रक आणि एस्क्रोची अट त्याआधी आली, तर नव्या करारांत तिचा उल्लेख होईल. नंतर आली, तर आणखी एक हंगाम आहे त्याच करारपत्रांवर जाईल.

आपला,
मुंबईतला एक फुटबॉल प्रेक्षक