रेडिओतली खरखर घरातलीच

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात ठाण्यातल्याच एका तरुण वाचकाने लिहिले होते, की आजोबांच्या रेडिओवर मीडियम वेव्हला खरखरीशिवाय काही लागत नाही, तेव्हा ते प्रक्षेपण बंद करून सरकारने विजेचा खर्च वाचवावा. पत्र वाचून राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

माझे मत बदलले १२ ऑक्टोबर २०२० रोजी. लॉकडाउनमधला सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बातम्या कळाव्यात म्हणून मी माळ्यावरचा सेलवर चालणारा रेडिओ काढला आणि ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी लावली. आवाज इतका स्वच्छ, की बायको स्वयंपाकघरातून ‘कोणाचा फोन आहे?’ म्हणून विचारत बाहेर आली. वीज आली तेव्हा पंखा फिरायच्या आधी रेडिओ खरखरायला लागला. स्टेशन तेच, सेट तोच, सेलही तेच.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बिघाड कुठे आहे ते शोधल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. पण खरखर शोधायची कशाने? भाच्याने जर्मनीहून एक जुना सेट आणून दिला होता. त्यावर मीडियम वेव्हच्या खाली लाँग वेव्हचाही पट्टा आहे. आपल्याकडे लाँग वेव्हवर कार्यक्रम प्रसारित होत नाहीत. तिथे ऐकू आलेच तर विमानतळांचे बीकन, म्हणजे विमानांना दिशा कळावी म्हणूनचे सिग्नल, तीच दोन-तीन अक्षरे मोर्समध्ये पुन्हापुन्हा. कार्यक्रम ऐकावेत ते मुख्यतः युरोपात, आणि तिथेही एकेक मनोरा बंद पडत चालला आहे. फ्रान्सने १६२ किलोहर्ट्झवरचे कार्यक्रम २०१६ अखेर थांबवले, आयर्लंडने २५२ वरचे २०२३ मध्ये. मला मात्र तो पट्टा दुसऱ्याच कामाला हवा होता. चार्जर, अॅडॅप्टर, एलईडी दिवे यांच्या आतले सर्किट सेकंदाला हजारो वेळा, काही लाखावर वेळा, चालू-बंद होत असते. त्याचा गोंगाट सर्वात जास्त तिथेच, खालच्या पट्ट्यात. वर एफएमपर्यंत जाताना तो पुष्कळ विरतो, म्हणून एफएम ऐकणाऱ्यांना याचा पत्ताच नसतो.

मग खरखरीचा उगम शोधायला, हातात धरून फिरवता येईल अशी त्या सेटची अँटेना घरीच करायला घेतली. लॅमिंग्टन रोडवरून फेराइटची, म्हणजे रेडिओ लहरी गोळा करणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाची, कांडी आणली, २०० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड. (दुकानदाराने ‘काका, किती किलो?’ विचारले. एक नग म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत.) लिट्झ वायर (बारीक तारा एकत्र पिळलेली) मिळाली नाही, तेव्हा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ३६ गेजची एनॅमल तार घेऊन कागदाच्या नळीवर १४० वेढे घातले. मोजताना दोनदा फोन आला, दोनदा पहिल्यापासून. जुन्या व्हॉल्व्ह सेटचा ५०० पिकोफॅरडचा गँग, म्हणजे स्टेशन लावायला फिरवायचा कपॅसिटर, लावला, की गुंडाळी साधारण २०० पासून ५०० किलोहर्ट्झपर्यंत ट्यून होते.

कांडीतून मिळणारा सिग्नल अगदी किरकोळ, म्हणून पुढे अॅम्प्लिफायर लागतो. इथे मी माती खाल्ली. हाताशी होता म्हणून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर थेट गुंडाळीला जोडला. तो गुंडाळीतूनच करंट ओढतो, त्यामुळे ट्यूनिंगची धार गेली. गँग कितीही फिरवा, सगळे सारखेच. तरी रात्री ४८६ किलोहर्ट्झवर चक्क मराठी भाषण लागले! त्याच्या पाठीमागे आणखी कोणीतरी बोलत होते. मी अर्धा तास हवेत होतो. मग कागदावर वजाबाकी केली: मुंबईचेच दुसरे केंद्र १०४४ वर, त्यातून ५५८ वजा केले की ४८६. आकाशवाणीचे मालाडचे प्रक्षेपण मनोरे इथून फार लांब नाहीत. दोन्ही केंद्रे माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये घुसून तिथेच त्यांची भेळ झाली होती.

दुसऱ्या खेपेला बीएफडब्ल्यू १० हा फेट, म्हणजे वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, लावला. त्याचे गेट, म्हणजे सिग्नल घेणारे टोक, गुंडाळीतून जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून धार शाबूत राहते. बीसी ५४७ ला त्याच्या मागे बसवला, ९ व्होल्टची बॅटरी जोडली (अॅडॅप्टर लावला असता तर चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखेच), सगळे पीव्हीसी पाइपात घातले. ४८६ वरचे भूत गेले.

फेराइटच्या कांडीचा एक गुण फार उपयोगाचा आहे. तिची बाजू उगमाकडे केली तर जोराने ऐकते, टोक उगमाकडे केले की जवळजवळ मुकी होते. घरात भिंतीतल्या वायरी फसवतात, तरीही जवळ जाऊन एकेक स्विच बंद करत गेले की माग लागतो. मी पहिला संशय शेजाऱ्यांच्या सोलर इन्व्हर्टरवर घेतला होता. कांडीने मला आमच्याच देवघरापुढे नेऊन उभे केले. गणपतीत आणलेली दिव्यांची माळ, तिचा छोटा अॅडॅप्टर! तो काढला आणि निम्मी खरखर गेली. बायको म्हणाली, ‘चार महिने शेजाऱ्यांना नावे ठेवत होतात.’ खरे आहे.

उरलेली निम्मी जिन्यातून येत होती. सोसायटीने दिवाळीच्या आधी चौदा नवे एलईडी दिवे बसवले, स्वस्तातले. त्यातला एक बंद पडलेला मी उघडून पाहिला. बोर्डावर गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली होती, पण कॉइल नव्हती. तिथे साधी तार झाळली होती. काही रुपये वाचले, आणि चौदा दिवे रात्रभर सगळ्या इमारतीच्या वायरिंगमध्ये कचरा टाकत बसले. सभेत विषय काढला तर उत्तर मिळाले, ‘काका, रेडिओ ऐकतं कोण?’

२६ जुलै २००५ ला ऐकला होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मोबाइल मुके झाले, आणि मुलगी कुर्ल्यात अडकलेली असताना आमच्या मजल्यावरची चार कुटुंबे एका ट्रान्झिस्टरभोवती बसली होती.

एलईडी दिव्यांना आपल्याकडे सक्तीची नोंदणी आहे, पण ती शॉक आणि आग यांच्या सुरक्षेसाठी. दिवा किती गोंगाट करतो यासाठी सिस्प्र १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. महापालिकेने रस्त्यावरच्या दिव्यांच्या निविदेत आणि सोसायट्यांनी आपल्या कोटेशनमध्ये त्याचे प्रमाणपत्र मागावे, एवढीच विनंती. एका ओळीचे काम आहे. आमच्या सोसायटीला मी तीन पत्रे दिली. चौथे हे.

त्या तरुण वाचकाला एक सुचवतो. आजोबांच्या सेटच्या आतही अशीच एक फेराइटची कांडी असते, त्यामुळे एरियल ओढून उपयोग नाही, सेटच फिरवावा लागतो. तो सेलवर लावून गॅलरीत न्या, ५५८ लावा आणि सावकाश गोल फिरवत खरखर कुठे दबते ते पाहा. तेवढ्यानेही नाही भागले, तर आत जाऊन आधी स्वतःच्या घरातले अॅडॅप्टर एकेक करून काढा. देवघरापासून सुरुवात करा.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, नौपाडा, ठाणे