स्वभावालाही औषध असते

महोदय,

नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा खचला की घरचे हमखास म्हणतात, 'स्वभावाला औषध नाही.' यात निम्मे तथ्य आहे. एकदा नैराश्य आलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांना ते पुन्हा गाठते आणि सतत काळजी करणाऱ्या, प्रत्येक बोलणे मनाला लावून घेणाऱ्या माणसांत हा धोका जास्त असतो. पण स्वभाव बदलतच नाही, हे खरे नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उपचारांनंतर काही महिन्यांतच भावनिक स्थैर्यात ठळक वाढ दिसली.

मला जास्त काळजी वाटते ती 'खंबीर' म्हणवणाऱ्यांची. परिचयातले एक गृहस्थ कामात चोख, हिशेबाला पक्के. झोप सुधारली, भूक लागू लागली आणि गोळ्यांची अर्धी पट्टी कपाटात गेली ती गेलीच. 'आता या कुबड्या कशाला?' बरे वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. एखाद्या भित्र्या माणसाने ते निमूट ऐकले असते!

चिठ्ठी लिहून देताना डॉक्टरांनी रुग्णाच्या स्वभावाचीही चौकशी करावी. हट्टी माणसाला पुढची तारीख तिथेच द्यावी, अतिकाळजी करणाऱ्याला समुपदेशनाकडे पाठवावे. खासगी समुपदेशन परवडत नसेल, तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

– एक वाचक, सातारा