सूचना : रविवारी मुलांचा किल्ला

पालकहो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलं राजगड करणार आहेत. माती, दगड, पोती तयार आहेत. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणू. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला दिसलाच पाहिजे. दरवाजा मात्र रायगडाच्या महादरवाजासारखा गोमुखी करू : बुरुजांच्या वळणाआड लपलेला, म्हणजे हत्तीला धडक मारायला धावच मिळत नाही. हे मातीत हात घालून केलं की मुलांच्या पक्कं लक्षात राहतं. शेजारी युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्यांची पुस्तकं मांडू. तिथला पाण्याचा खंदक आणि आपला तुटलेला कडा मुलांना ताडून पाहू दे. घरची पुस्तकं, लाकडी ढाल-तलवारी नाव घालून शनिवारपर्यंत वाचनालयात द्या. टोकदार खेळणी नकोत. आणि किल्ल्यावर पेरायला हळीव कोण आणणार, ते आजच कळवा.