एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दप्तरखान्याची वाट दाखवा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

एम.ए.च्या शेवटच्या सत्राचे प्रकल्प जमा करण्याची सध्या धांदल आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालो, तरी मुले अजून घर शोधत येतात. परवा एक जण संदर्भग्रंथांची यादी घेऊन आला. लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळे जागच्या जागी. लेखक खरे, प्रकाशकही खरे. पण त्यातली निम्मी पुस्तके त्या लेखकांनी कधी लिहिलीच नाहीत. यादी मोबाइलवरच्या एआयने करून दिली होती. हे त्याला सांगितले, तर म्हणाला, ‘मग यांच्याऐवजी दुसरी चार नावं सांगा ना सर, प्रकल्प तर लिहून झालाय.’

या मुलाला हसण्यात अर्थ नाही. पहिल्या सत्रातला ‘संशोधन पद्धती’चा पेपर तो चांगल्या गुणांनी पास झाला आहे. परिकल्पना म्हणजे काय, संशोधनाचे प्रकार किती, नमुना निवडीच्या पद्धती कोणत्या, हे त्याला आजही धडाधड सांगता येते. ते त्याने गाइडमधून पाठ केले आहे आणि परीक्षेतही तेवढेच विचारले गेले. मात्र ग्रंथालयाच्या तालिकेत एखादे पुस्तक आहे की नाही हे कसे पाहायचे, ते दोन वर्षांत त्याला कुणी दाखवले नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घडी बदलली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक (क्रेडिट), दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे १८ श्रेयांक झाले. त्यातच एम.फिल. बंद झाले. पूर्वी पीएच.डी.च्या आधी कच्चे काम एम.फिल.मध्ये उघडे पडायचे, सुधारायचे. आता ती पायरीच गेली, म्हणून एम.ए.च्या या दोन वर्षांना फार महत्त्व आले आहे. कागदावरची योजना मला पटते. वर्गात तिचे जे होते, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी धुळ्यात राहतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात वारले आणि पुढच्याच वर्षी इथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड या माणसाने १८९८ मध्ये छापला. त्यासाठी आणि पुढच्या खंडांसाठी गावोगाव वणवण करून लोकांच्या माळ्यांवरची, कोनाड्यांतली दप्तरे, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे, गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिर हा शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचा संग्रहही गावातच आहे. आमच्या भागातले इतिहासाचे, मराठीचे किती विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत एकदा तरी या दोन्ही ठिकाणी पायरी चढून आत जातात? मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांना ती नावे फक्त चौकाच्या किंवा रिक्षाच्या संदर्भात ठाऊक होती.

जुन्या कागदाला हात लावल्याने काय शिकायला मिळते, त्याचे एक उदाहरण देतो. पेशवाईतल्या मोडी पत्रावर साल असते ‘सलास सबैन मया व अलफ’. तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७३. एका विद्यार्थ्याने ते सरळ इ.स. ११७३ धरून टिपणात लिहिले होते आणि कुणी हटकलेही नव्हते! त्यात ५९९ मिळवले की १७७२ येते. हे साल मृगाला सुरू होत असल्याने जून १७७२ ते जून १७७३ असे पसरते. आता पत्रात नुसते ‘श्रीमंत’ म्हटले असेल तर ते कोण? थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, त्यानंतर नारायणराव पेशवे झाले. म्हणजे शेवटी जो चांद, म्हणजे हिजरी महिना व त्यातला दिवस, लिहिलेला असतो, रजब की रमजान, त्याची इंग्रजी तारीख काढल्याशिवाय पत्रातला मालक कोण हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पत्राचा अर्थ लागत नाही. तारीख काढणे, दुसऱ्या साधनाशी ताडणे आणि मग विधान करणे, हे सगळे एका कागदावर एका दुपारी शिकवता येते. गाइडमधली ‘बाह्य परीक्षण व अंतर्गत परीक्षण’ ही दोन पाने वाचून ते येत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांचेही तेच. तुकोबांवर प्रकल्प असतो, तळटीप असते ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’. कोणती गाथा? १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली, विष्णुशास्त्री आणि शंकर पांडुरंग पंडितांनी संपादिलेली, १९५० ची सरकारी, की देवळाबाहेर मिळणारी? आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात, पाठही बदलतात. आवृत्ती लिहिली नसेल तर त्या तळटिपेवरून तो अभंग कुणालाही सापडणार नाही. मार्गदर्शकांनी सही करण्यापूर्वी एवढे जरी विचारले तरी पुष्कळ झाले.

क्षेत्रीय कामाची तर निराळीच गंमत. ‘अहिराणी लोकगीते : एक अभ्यास’ या नावाचे प्रकल्प मी इतके पाहिले की आता ‘एक अभ्यास’ वाचूनच धास्ती वाटते. गाणी एका छापील पुस्तिकेतून उतरवलेली आणि खाली ‘एका वृद्ध महिलेकडून ऐकले’. गाव नाही, साल नाही, बाईचे नाव नाही, तिची परवानगी विचारल्याची नोंद नाही. याला अपवाद ठरली शिंदखेडा तालुक्यातली एक मुलगी. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिने आपल्या आजीकडून आणि गल्लीतल्या दुसऱ्या एका आजीकडून तेच गाणे मोबाइलवर घेतले. दोघींच्या गाण्यात दोन कडवी वेगळी निघाली. ती हिरमुसून आली, ‘सर, आता यातलं बरोबर कोणतं?’ मी म्हटले, बाई, प्रकल्प आता सुरू झाला. कोणती आजी कोणत्या गावाहून लग्न होऊन आली, तिने गाणे कुणाकडून उचलले, हे विचारायला तिला परत पाठवले. तिचे पुढचे प्रकरण मी उत्सुकतेने वाचले. असे माझ्या हातून क्वचित घडते.

वाङ्मयचौर्यावर यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्यापुढे शिक्षा चढत जाते. मुलांनी त्यातून काय घेतले? टक्केवारी खाली आणायची. शब्द फिरवायचे, किंवा इंग्रजीतला उतारा मराठीत करून ठेवायचा. साम्य तपासणारे यंत्र गप्प बसते. याबद्दल जास्त लिहीत नाही, प्राध्यापक मंडळींना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसऱ्या सत्रातल्या कार्यप्रशिक्षणाकडे मात्र सर्वांनी लक्ष द्यावे. कला शाखेच्या मुलांना ते कुठे करायचे हेच कळत नाही, मग ओळखीच्या दुकानातून किंवा सेवा केंद्रातून प्रमाणपत्र आणले जाते. आणि त्याच तालुक्यात शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून पडलेले असतात, कारण तुटपुंज्या मानधनावरचा सेवक देवघेव सांभाळील की सूची करील? चार मुलांनी तिथे बसून एका मासिकाच्या दहा वर्षांच्या अंकांची सूची केली, तर वाचनालयाला सूची मिळेल आणि मुलांना पुढच्या सत्राचा विषय तिथेच सापडेल. कारण विषय बहुधा गठ्ठा सोडताना सापडतो, मार्गदर्शकाच्या खोलीबाहेर रांगेत उभे राहून नाही. पुण्यात अभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था आहे. पण शहादा-शिरपूरच्या मुलाला दर आठवड्याला पुणे परवडत नाही. त्याला आपल्या गावातलेच कपाट उघडून द्यायला हवे. जिथे महाविद्यालयात ग्रंथपालाची जागाच रिकामी आहे, तिथे हे कोण करणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो शासनाने सोडवायचा आहे.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांनी वर्षाअखेरच्या बैठकीत दोन गोष्टींचा विचार करावा. संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांपैकी निम्मे गुण लेखी परीक्षेतून काढून विद्यार्थ्याच्या टिपणवहीला द्यावेत. त्या वहीत कोणते साधन कुठे, कोणत्या तारखेला पाहिले आणि त्यात काय मिळाले नाही, हेही असावे. आणि प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याने आपण वापरलेले एक मूळ साधन, निदान त्याची छायाप्रत किंवा ध्वनिमुद्रण, टेबलावर ठेवावे. परीक्षकांनी पहिले तीन प्रश्न त्यावरच विचारावेत.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, धुळे