झोपेसाठी पण डॉक्टर असतो रे बाळा

सोनू,

काल फोनवर तू म्हणालास की पप्पा झोप येत नाही म्हणून कोण डॉक्टरकडे जातं का, आणि लगेच कॉल आला म्हणून ठेवून दिलास. जातात बाळा, खूप जण जातात. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस म्हणून हे व्हॉट्सॲपवर लिहितोय, लांबलंय पण जेवायच्या सुट्टीत शेवटपर्यंत वाच.

गणपतीपासून तुझं हे चाललंय, आता संक्रांत तोंडावर आली. डॉक्टर लोकांचा हिशोब सरळ आहे, आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मधेच मोडते, दिवसा त्याचा त्रास होतो आणि असं ३ महिने चाललंय, तर तो जुना निद्रानाश धरतात. तुझं त्याच्याही पुढे गेलंय. प्रोजेक्टचं टेन्शन आहे, रिलीज झालं की होईल कमी, असं तू दसऱ्याला पण म्हणाला होतास आणि ते रिलीज होऊन गेलं की रे.

मी आयुष्यभर एसटी चालवली, रातराणीला कितीतरी वर्षं होतो, त्यामुळे झोप काय चीज आहे ते मला कुणी सांगायला नको. पहाटे ३ ते ५ हा टाइम सगळ्यात वाईट, डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो, खंबाटकी घाट उतरताना मी समोरचे ट्रक असे एका बाजूला सरकत जाताना बघितलेत. तू रात्रभर जागा राहून सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बाईक चालवतोस, हे आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टरकडे जाईपर्यंत तरी कंपनीच्या बसने जा, एवढं ऐक.

आता त्या गोळ्यांचं. दिवाळीत तुझ्या बॅगेत स्ट्रिप दिसली, अर्ध्याच्या वर संपलेली, रूममेटने दिली म्हणालास. मी रागावलो नव्हतो आणि आताही रागवत नाही, पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि अल्प्राझोलाम तर शेड्यूल एच१ या सरकारी यादीत आहे, ते कुणाला दिलं त्याची नोंद मेडिकलवाल्याला ३ वर्षं ठेवावी लागते. उगाच नाही ठेवलेला हा नियम, रोज घेतली की सवय लागते, मग तेवढ्याच गोळीने भागत नाही. आणि आता मी सांगतोय म्हणून एकदम बंदही करू नकोस. रोज घेणाऱ्याने अचानक सोडली की झोप आणखी उडते, घाबरल्यासारखं होतं, काहींना फिटसुद्धा येते. किती घेतोस, कधीपासून, ते डॉक्टरला खरं सांग, ते हळूहळू कमी करून देतात. आणि शनिवारी पार्टीत घेत असशील तर त्या रात्री गोळी अजिबात नाही, दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो.

पहिल्यांदा एमडी मेडिसिनवाल्याकडे जा. ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी बघतील, चहा-कॉफी किती ते विचारतील (संध्याकाळी ६ ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री ११ च्या सुमारास अजून अंगात असतं, तुझ्या ऑफिसातलं ते मशीन मला म्हणूनच आवडत नाही). तू घोरतोस का ते रूममेटला विचारून जा. माझं झोपेतलं श्वास अडकणं तुझ्या आईच्या लक्षात आलं, तिनेच हट्ट धरून टेस्टला नेलं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं रे, डोक्याला वायरी चिकटवतात, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकापाशी बारीक नळी आणि झोप म्हणतात. पहिल्यांदा वाटतं कशी लागेल झोप, पण लागते. माझा श्वास तासाला ३० च्या वर वेळा अडकत होता, म्हणजे सिव्हिअर. आता सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा, मास्क लावून झोपतो आणि सकाळी डोकं जड नसतं. हे घराण्यात चालत येऊ शकतं म्हणून सांगतोय. तुझं तसं नसेल तर कदाचित टेस्ट लागणारही नाही, साध्या निद्रानाशाला लागत नाही.

मग ते तुला सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतील, तिथे मागे हटू नकोस. माझे डॉक्टर सांगत होते की जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय गोळी नाहीच, सीबीटी-आय नावाची ट्रीटमेंट आहे, गोळीशिवाय झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची, काही आठवड्यांची. आधी एक-दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला लावतात, कधी आडवा झालास, कधी लागली, कधी उठलास. मग समजा तू ८ तास पलंगावर असतोस आणि झोपतोस साडेपाच, तर पलंगावर राहायचं ते साडेपाचच, झोप सुधारली की वाढवत नेतात. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आली की परत यायचं, आणि रात्र कशीही जावो सकाळी उठायची वेळ तीच. पहिले काही दिवस जास्त थकवा येतो, तेव्हा सोडून देऊ नकोस, लोक तिथेच सोडतात. पण हे मोबाईलवर बघून स्वतःच सुरू करू नकोस, कुणाला किती झेपतं ते बघून ठरवतात ते.

येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलात न्यायची वेळ आलीय का, असं तुझा काका म्हणाला ते तुला लागलंय, मला माहितीये. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. आणि स्थळं बघताना कळेल वगैरे डोक्यातून काढ, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ज्यांना आपल्या पोराच्या झोपेपेक्षा हे मोठं वाटतं त्यांच्याकडे आपल्याला सोयरीक करायचीच नाही.

एक शेवटचं, हे लिहिताना हात जड होतोय पण विचारतो. रात्री एकटा जागा असताना जगणं नको असे विचार येतात का? येत असतील तर त्याच मिनिटाला मला फोन कर, किती का वाजेना, फोन उशाशीच असतो. माझ्याशी नाही बोलवलं तर १४४१६ लाव, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारचं आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

या आठवड्यात अपॉइंटमेंट घे आणि तारीख कळव. तू नको म्हणालास तरी मी कराडहून पहाटेच्या गाडीने येतोय, आत तू एकटा जा, मी बाहेर बाकावर बसेन. आई डिंकाचे लाडू देतेय, डबा परत पाठवायचा राहू दे.

तुझा,
पप्पा